वेल्डिंगचा चुंबकी क्लॅम्प आणि विजेची परतीची वाट

शेतकऱ्याच्या अवजारांत लांकडाची जागा लोखंड घेऊं लागलें, त्यास आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर विसाव्या शतकाच्या आरंभीं आपल्याकडे आला व १९१० सालीं किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला. त्या काळीं मोडक्या अवजाराचा वैद्य म्हणजे गांवचा लोहार. भात्यावर लोखंड लाल करावें, ऐरणीवर ठोकावें, आणि तुटलेले दोन तुकडे घणाच्या घावानें एकजीव करावे, ही त्याची विद्या. आतां प्रत्येक बाजाराच्या गांवीं, किंबहुना कित्येक वस्त्यांवरहि, विजेनें लोखंड सांधणारा कारागीर बसलेला आढळतो. नांगराचा फाळ, कुळवाची पास, ट्रॉलीचा हूक, गोठ्याचा खांब, गुऱ्हाळाची काहील, जें मोडेल तें त्याच्याकडे जातें. पुष्कळ बागायतदारांनीं तर लहान वेल्डिंगयंत्र स्वतःच विकत घेतलें आहे, व सटरफटर कामें ते घरचे घरींच उरकितात.

ही सोय मोठीच आहे, यांत शंका नाहीं. परंतु लोहाराची विद्या डोळ्यांस दिसत असे. विजेची विद्या डोळ्यांस दिसत नाहीं. सांध्याच्या ठिकाणीं लखलखाट होतो तेवढाच आपण पाहतों. ती वीज तेथून पुढें कोठें जाते, कोणत्या वाटेनें जाते, आणि जातांना काय नासवून जाते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या परतीच्या वाटेविषयीं, आणि त्या वाटेच्या तोंडाशीं बसविण्यासाठीं हल्लीं सर्वत्र विकत मिळणाऱ्या चुंबकी क्लॅम्पाविषयीं, चार शब्द लिहिणार आहों. हा विषय आम्हांस पुस्तकानें सुचविलेला नाहीं. तो आम्ही पदरमोड करून शिकलों आहों.

आमचा स्वतःचा अनुभव

मृगाचा पाऊस चांगला झाला होता. जमीन वाफशावर येत होती, आणि सोयाबीन पेरण्यापूर्वीं एकदां रोटाव्हेटर फिरवावा असा आमचा विचार होता. तपासणी करितांना असें आढळलें कीं, ज्या फिरत्या दांड्यावर पातीं बसविलेलीं असतात, त्यावरील एका चकतीचा सांधा उकलला आहे. आम्हीं वेल्डरास मळ्यावर बोलाविलें. त्याच्याजवळ नुकताच घेतलेला चुंबकी क्लॅम्प होता. पूर्वीं पकडीचा क्लॅम्प लावण्यास लोखंडाची एखादी कड शोधावी लागे. आतां त्यानें क्लॅम्प उचलला व रोटाव्हेटराच्या वरच्या रुंद झांकणावर ठेवला. खट् असा आवाज होऊन तो घट्ट बसला. अर्ध्या तासांत काम झालें. आम्हांसहि त्या नव्या साधनाचें कौतुक वाटलें.

पहिल्या दिवशीं कांहीं कळलें नाहीं. चौथ्या दिवशीं एका बाजूनें घरघर ऐकूं येऊं लागली, आणि त्या संध्याकाळीं दांडा डगडगूं लागला. बेअरिंग काढून पाहिलें, तों आंतल्या गुळगुळीत वाटेवर देवीच्या वणांसारखे बारीक काळे खड्डे, आणि तसेच डाग गोळ्यांवर. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या वृद्ध मिस्त्रीनें तें बेअरिंग उजेडाकडे धरून एवढेंच विचारिलें, "सांधा दांड्याला मारला आणि क्लॅम्प झांकणाला लावला होता ना?" तसेंच झालें होतें. दांडा व झांकण यांमध्यें लोखंडाचा दुवा होता तो त्या बेअरिंगाचाच. सगळी वीज त्यांतून गेली होती. नवें बेअरिंग तालुक्याहून येऊन बसेपर्यंत पांच दिवस गेले. तोंवर पुन्हां पाऊस लागला, वाफसा हुकला, आणि तें शेत पंधरा दिवस उशिरां पेरलें गेलें. वेल्डरास दोष देणें सोपें होतें. परंतु घाई आमची होती, आणि समोर उभे राहून क्लॅम्प कोठें लागला हें पाहणारेहि आम्हीच होतों.

विजेची वाट कशी असते

वेल्डिंगच्या यंत्रापासून दोन जाड केबली निघतात. एकीच्या टोंकास कांडी धरण्याचा होल्डर असतो, दुसरीच्या टोंकास क्लॅम्प. यंत्रांतून निघालेला प्रवाह पहिल्या केबलीनें कांडींत येतो, कांडीच्या टोंकाशीं ज्योतीच्या रूपानें लोखंडांत उतरतो, आणि लोखंडांतून क्लॅम्पाच्या द्वारें दुसऱ्या केबलींत शिरून यंत्राकडे परत जातो. हें चक्र पुरें झालें तरच ज्योत पेटते. जेवढी वीज गेली, तेवढी सगळी परत यावयाची, असा हा व्यवहार आहे.

आपणां शेतकऱ्यांस ही गोष्ट पाटाच्या पाण्याच्या दाखल्यानें लौकर समजेल. दारें धरणारा गडी ज्या वाफ्याचें दारें मोडतो, त्या वाफ्यांत पाणी जातें. पण दारें अर्धवट मोडलें, किंवा गाळानें तुंबलें, तर पाणी थांबून राहत नाहीं. तें कोठेंतरी बांध पोखरतें, उंदराच्या बिळांतून निघतें, शेजाऱ्याच्या शेतांत उतरतें. विजेचेंहि तसेंच. क्लॅम्प हें तिचें दारें. तें मोकळें व जवळ असेल तर ती सरळ निघून जाते. तें दूर असेल किंवा तुंबलेलें असेल, तर जेवढ्या म्हणून लोखंडी वाटा उपलब्ध असतील तेवढ्यांत ती वांटली जाते. आणि त्या वाटांत बेअरिंग, साखळी, बिजागरी, तारेचा दोर, कांहींहि असूं शकतें. दाखल्यांत फरक इतकाच कीं, पाणी जमिनींत मुरून नाहींसें होतें; वीज मुरत नाहीं, ती शेवटीं यंत्राकडे येतेच.

येथें एका शब्दाचा घोटाळाहि दूर केला पाहिजे. आपल्याकडील कारागीर या क्लॅम्पास "अर्थिंग" म्हणतात. त्यामुळें पुष्कळांची अशी समजूत होते कीं, ही वीज जमिनींत जिरविण्याची तजवीज आहे, व म्हणून तो लोखंडास कोठेंहि टेकला तरी चालेल. ही समजूत चुकीची आहे. घराच्या विजेस जी अर्थिंगची तार असते, ती संकटकाळासाठीं असते. एरव्हीं तींतून प्रवाह वाहत नाहीं. वेल्डिंगच्या क्लॅम्पांतून मात्र ज्योत पेटलेली असेपर्यंत सबंध प्रवाह सतत वाहतो. नांव एक असलें तरी कामें अगदीं निरनिराळीं आहेत.

हा प्रवाह किती मोठा असतो, याचीहि कल्पना असावी. घरांतील छताचा पंखा अर्ध्या अँपिअरहून कमी प्रवाहावर फिरतो. वेल्डिंगची ३.१५ मिलिमीटर जाडीची कांडी, जिला बाजारांत "दहा नंबर" म्हणतात, तिला सुमारें ९० ते १३० अँपिअर प्रवाह लागतो. ४ मिलिमीटरच्या "आठ नंबर" कांडीला १४० ते १८० पर्यंत. एवढा प्रवाह ज्या ठिकाणीं अडखळेल, तें ठिकाण तापल्याशिवाय राहणार नाहीं.

आंकड्यांनीं पाहूं. समजा, प्रवाह १२० अँपिअर आहे, आणि क्लॅम्प व लोखंड यांच्या स्पर्शाच्या जागीं एका ओहमाचा २० वा हिस्सा, म्हणजे ०.०५ ओहम, एवढाच अडथळा आहे. हा अडथळा ऐकण्यास क्षुल्लक वाटतो. परंतु त्या जागीं ६ व्होल्ट दाब वायां जातो व ७२० वॉट उष्णता उत्पन्न होते. म्हणजे तेथें जणूं एक विजेची शेगडीच पेटलेली असते. ज्योतीला स्वतःला २० ते ३० व्होल्टच दाब लागतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे ६ व्होल्टांची गळती केवढी मोठी, हें कळेल. ज्योत फडफडते, कांडी चिकटते, सांधा वरवर बसतो व आंत पोकळ राहतो. कारागीर कांडीला नांवें ठेवितो, वीज मंडळाला नांवें ठेवितो, प्रवाह वाढवितो. आणि दोष मात्र त्याच्या पाठीमागें, क्लॅम्पाखालच्या रंगांत, असतो. उलट, लोखंड स्वच्छ घांसलें व अडथळा दहावा हिस्सा केला, तर उष्णताहि दहावा हिस्सा, म्हणजे ७२ वॉटच, राहते.

चुंबकी क्लॅम्प म्हणजे काय

साधा क्लॅम्प पकडीसारखा किंवा स्क्रूनें आवळण्याचा असतो. त्याला धरावयास कड लागते. चुंबकी क्लॅम्पांत दाब देण्याचें काम स्प्रिंग किंवा स्क्रू न करितां कायम चुंबक करितो. खालच्या बाजूस तांब्याचा, पितळेचा किंवा लोखंडाचा स्पर्शभाग असतो, व केबल त्याला जोडलेली असते. चुंबक दोन जातींचे आढळतात. १९५० नंतर प्रचारांत आलेले काळे, मातीच्या भांड्यासारखे ठिसूळ फेराइटचे चुंबक स्वस्त असतात. १९८४ च्या सुमारास जपानांत व अमेरिकेंत जवळजवळ एकाच वेळीं निओडिमियम, लोखंड व बोरॉन यांचा जो चुंबक निघाला, तो आकारानें लहान असून फार जोरकस असतो. कांहीं क्लॅम्पांस एक मूठ असते. ती फिरविली म्हणजे पकड सुटते व क्लॅम्प सहज उचलतां येतो. अशी मूठ असलेला क्लॅम्प थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा, असें आमचें मत आहे. कारण काम संपल्यावर त्यास चिकटलेला लोखंडाचा कीस पुसण्यास तो सोपा पडतो.

या साधनाचा खरा उपयोग जेथें कड नाहीं तेथें. गुऱ्हाळाच्या काहिलीचाच दाखला घ्या. काहिलीच्या तळास भोंक पडलें, तर ठिगळ लावण्याची जागा मध्यभागीं, आणि पकडीला धरण्यासारखा कांठ पुष्कळ दूर. कांठाला क्लॅम्प लावला तर काम होतें खरें, परंतु गंजलेल्या कांठावर स्पर्श नीट होत नाहीं, व मध्यें जोडपट्ट्या असल्या तर त्यांतूनहि प्रवाह ओढला जातो. चुंबकी क्लॅम्प ठिगळापासून वीतभर अंतरावर, पाठीमागून, घांसलेल्या जागीं लावितां येतो. ट्रॉलीचा तळपत्रा, पाण्याची लोखंडी टांकी, जाड नळाचा खांब, गोठ्याची रुंद तुळई, या सर्व ठिकाणीं हीच सोय होते. अवजार जुळवितांना नुसते टांके मारावयाचे असतात व दर दोन मिनिटांनीं क्लॅम्प हालवावा लागतो. अशा वेळीं तर हा क्लॅम्प एका हाताचा गडीच वांचवितो.

मात्र लोखंड आहे असें दिसलें म्हणजे तें चुंबकास धरीलच असें नाहीं. ॲल्युमिनियम, तांबें व पितळ यांना चुंबक मुळींच धरीत नाहीं, आणि भांड्यांच्या कामीं येणाऱ्या बहुतेक स्टेनलेस पोलादासहि तो धरीत नाहीं. हल्लीं कित्येक गुऱ्हाळांत स्टेनलेसच्या काहिली आल्या आहेत. तेथें हा क्लॅम्प निरुपयोगी. कोठें अर्धवट ओढ जाणवली तरी तेवढ्यावर विसंबूं नये. बिडाच्या वस्तूस चुंबक चांगला चिकटतो. परंतु बीड सांधणें ही वेगळीच विद्या आहे, ती येथें सांगत नाहीं.

त्याचे दोष व त्यांवरील उपाय

पहिला दोष हा कीं, चुंबकी क्लॅम्प रंगावर, गंजावर, चिखलावरहि चिकटतो. पकडीचा क्लॅम्प निदान दातांनीं रंग ओरखडतो. चुंबक तेवढेंहि करीत नाहीं. तो घट्ट बसला म्हणजे स्पर्श झाला, असा भास होतो. आणि हा भासच फसवितो. चुंबकाची ओढ रंगाच्या थरापलीकडून पोंचते, वीज पोंचत नाहीं. म्हणून क्लॅम्प ठेवावयाची जागा ग्राइंडरानें किंवा कानशीनें घांसून पांढरी करावी. तळहाताएवढी जागा पुरते. तेवढें करण्यास दोन मिनिटांहून अधिक लागत नाहींत.

दुसरा दोष किसाचा. ग्राइंडराचा कीस व वेल्डिंगचे उडालेले कण चुंबकाच्या तोंडास केसाळ दाढीसारखे चिकटतात. या कणांवर क्लॅम्प तरंगतो, ओढ कमी होते, व स्पर्श चारदोन टोंकांवरच होतो. दर वेळीं तोंड जाड फडक्यानें पुसावें. बारीक कीस निघत नसेल तर कणकेचा किंवा चिकणमातीचा मळलेला गोळा त्यावर दाबून उचलावा. कीस सगळा गोळ्यास चिकटून येतो. नुसत्या बोटांनीं तो काढूं नये, बोटांत कुसळें शिरतात.

तिसरा दोष घसरण्याचा. क्लॅम्पावर जे ओढीचे आंकडे छापलेले असतात, ते स्वच्छ, जाड, सपाट लोखंडावरून सरळ उपटण्याचे असतात. उभ्या पृष्ठभागावर तोच क्लॅम्प केबलीच्या भारानें त्याहून फार थोड्या जोरांत खालीं सरकतो. पातळ पत्र्यावरहि ओढ निम्म्याहून कमी होऊं शकते. यासाठीं केबलीचा भार क्लॅम्पावर लोंबत ठेवूं नये; ती जवळच्या लोखंडास दोरीनें बांधावी. ज्योत चालू असतां क्लॅम्प सरकला तर त्या जागीं ठिणगी पडून खड्डा होतो. म्हणून हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यावर, पीटीओच्या आंसावर, किंवा कोठल्याहि घोटलेल्या जागीं क्लॅम्प लावूंच नये.

चौथा दोष उष्णतेचा. निओडिमियमचे साधारण प्रतीचे चुंबक सुमारें ८० अंश सेंटिग्रेडपुढें आपला जोर गमावूं लागतात, व तो जोर निवल्यावरहि पुरता परत येत नाहीं. फेराइट त्याहून अधिक उष्णता सोसतो. नुकत्या सांधलेल्या, हातास चटका देणाऱ्या लोखंडावर क्लॅम्प ठेवणें म्हणजे त्याचें आयुष्य कमी करणें होय. दोन्ही जातींचे चुंबक ठिसूळ असल्यामुळें क्लॅम्पावर हातोडी मारूं नये, व तो उंचावरून टाकूं नये.

पांचवा दोष ज्योत वांकण्याचा. हल्लींचीं लहान इन्व्हर्टर यंत्रें एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह देतात. अशी ज्योत चुंबकाच्या सान्निध्यांत एका बाजूस फुंकर घातल्यासारखी वळते, कण उडतात, व सांधा वांकडा पडतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रांत प्रवाह सारखी दिशा बदलत असल्यामुळें हा त्रास पुष्कळ कमी. तेव्हां क्लॅम्प सांध्याच्या जवळ असावा, पण अगदीं खेटून असूं नये. सुमारें एक वीत ते एक हात अंतर आम्हांस सोयीचें आढळलें आहे. तरीहि ज्योत वळूं लागली, तर क्लॅम्प सांध्याच्या दुसऱ्या टोंकास नेऊन पाहावा. पुष्कळदां तेवढ्यानें काम भागतें.

या सर्वांवरून असा निष्कर्ष निघतो कीं, टांके मारणें, लहान सांधे, व कड नसलेल्या जागा यांसाठीं चुंबकी क्लॅम्प उत्तम; परंतु जाड कांडीनें तासन्तास चालणाऱ्या कामास स्क्रूनें आवळण्याचा पितळी क्लॅम्पच विश्वासाचा. कड नसेल तर लोखंडाचा एक लहानसा कान सांध्याजवळ टांक्यानें बसवावा, त्याला क्लॅम्प आवळावा, आणि काम झाल्यावर कान छाटून टाकावा. क्लॅम्प विकत घेतांना त्यावर २००, ३०० किंवा ५०० अँपिअर अशी जी खूण असते, ती आपल्या यंत्राच्या कमाल प्रवाहाहून मोठी आहे, हें पाहावें.

ट्रॅक्टर व अवजारें यांसाठीं नियम

आमच्या रोटाव्हेटराची कथा ज्या एका नियमानें टळली असती, तो नियम असा : ज्या तुकड्यास सांधा मारावयाचा, त्याच तुकड्यास क्लॅम्प लावावा. सांधा व क्लॅम्प यांच्या मध्यें कोठलाहि फिरणारा, सरकणारा किंवा लोंबणारा भाग येतां कामा नये. फिरत्या दांड्यावर काम असेल तर क्लॅम्प दांड्यावर. चौकटीवर काम असेल तर चौकटीवर. ट्रॉलीच्या चाकाच्या आंसावर क्लॅम्प लावून तळपत्रा सांधूं नये, कारण प्रवाह मधल्या कमानी, पिना व बुश यांतून जाईल. पलटी नांगराच्या फाळाच्या बाजूस काम असतां क्लॅम्प ट्रॅक्टरास लावूं नये, नाहींतर बिजागरीची पिन व हायड्रॉलिकचा दांडा हे वाट होतील. मळणी यंत्राच्या पंख्यास काम असेल तर क्लॅम्प पंख्यावरच.

शक्य असेल तेव्हां अवजार ट्रॅक्टरापासून सोडून, लांकडाच्या ओंडक्यांवर ठेवून मग काम करावें. शक्य नसेल, तर बॅटरीची ऋण तार आधीं व धन तार मागाहून काढावी. जोडतांना याच्या उलट क्रम ठेवावा. अल्टरनेटराचीं जोडणेंहि काढावीं. ५० अश्वशक्तीहून अधिक शक्तीच्या नव्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराविषयींचे कडक नियम लागू झाले, व ते पाळण्यासाठीं अशा ट्रॅक्टरांत इंधन सोडण्याचें नियमन बहुधा विद्युत्-उपकरणांकडे असतें. हीं उपकरणें १२ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारीं व नाजूक. वेल्डिंगचा भटका प्रवाह त्यांत शिरला तर दुरुस्तीचा खर्च सांध्याच्या मजुरीच्या शेंकडों पट होईल. कंपनीच्या पुस्तिकेंत तीं कशीं सोडवावीं हें दिलेलें असतें. तें वाचल्याशिवाय नव्या ट्रॅक्टरावर कांडी टेकवूं देऊं नये.

बॅटरीतून निघणारा वायु ठिणगीनें पेटतो, सबब ती उचलून दूर ठेवणेंच बरें. डिझेलच्या रिकाम्या टांकीस किंवा पिंपास सांधा मारूं नये. रिकामेपणाच त्यांत घातक, कारण आंत वाफ भरलेली असते. टायर चढविलेल्या रिंगेवरहि वेल्डिंग करूं नये. नुसती हवा सोडणें पुरेसें नाहीं, टायर उतरविलाच पाहिजे. उष्णतेनें रबरांतून वायु निघून टायर फुटल्यानें माणसें दगावतात.

जिवाची गोष्ट

कांडी टेकलेली नसतां यंत्राच्या दोन टोंकांमध्यें ५० ते ८० व्होल्टपर्यंत दाब असूं शकतो. कोरड्या हातमोज्यांत व कोरड्या पायतणांत हा दाब सहसा जाणवत नाहीं. परंतु पावसाळ्यांत, चिखलांत गुडघे टेकून, घामानें भिजलेल्या सदऱ्यानें लोखंडास टेकलेल्या माणसास तो पुरेसा धोक्याचा आहे. क्लॅम्प सुटला असतां तो हातांत धरून, दुसऱ्या हातानें लोखंडास स्पर्श करून, "वीज येते का" पाहणारे कारागीर आम्हीं पाहिले आहेत. अशा वेळीं माणसाचें शरीरच परतीच्या वाटेंत जोडलें जातें. क्लॅम्प लावणें, काढणें, सरकविणें, हीं सर्व कामें यंत्र बंद करूनच करावीं.

आणखी एक गोष्ट क्वचितच कोणाच्या ध्यानांत येते. सांधावयाच्या लोखंडावर विजेचा ग्राइंडर किंवा ड्रिल तसेंच ठेवलेलें असतें. त्याचें अंग लोखंडी असेल, व त्यास अर्थिंगची बारीक तार असेल, तर क्लॅम्प नीट नसतांना वेल्डिंगचा प्रवाह त्या तारेची वाट धरूं शकतो. ती तार आंतल्या आंत जळते, वरून कांहीं दिसत नाहीं. आणि पुढें कधीं ग्राइंडरांत बिघाड होऊन त्याच्या अंगांत वीज उतरली, तर प्राण वांचविणारी ती तार जागेवर नसते. म्हणून हत्यारें कामाच्या लोखंडावर ठेवूं नयेत; लांकडी फळीवर ठेवावीं.

ज्यांच्या छातींत हृदयाचे ठोके सांभाळणारें यंत्र बसविलेलें आहे, अशांनीं जोरकस चुंबक हाताळूं नये व चालू वेल्डिंगच्या जवळ उभें राहूं नये; डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. निओडिमियमचा मोठा क्लॅम्प लोखंडाकडे झेपावतो तेव्हां मध्यें बोट आल्यास तें चिरडतें. मुलांच्या हातीं तो खेळणें म्हणून देऊं नये.

शेवटचीं चार कलमें

काम सुरू करण्यापूर्वीं मालकानें किंवा त्याच्या गड्यानें पुढील चार गोष्टी स्वतः पाहाव्या :

१. सांधा ज्या तुकड्यावर, क्लॅम्प त्याच तुकड्यावर आहे काय? मध्यें बेअरिंग, पिन, साखळी नाहीं ना?

२. क्लॅम्पाखालची जागा पांढरी होईपर्यंत घांसली आहे काय? क्लॅम्पाचें तोंड पुसलें आहे काय?

३. केबलीचा भार बांधून घेतला आहे काय?

४. दोन कांड्या संपल्यावर यंत्र बंद करून क्लॅम्पाजवळ हाताची मागची बाजू नेली, तर ऊब किती लागते? चटका बसण्याइतका क्लॅम्प तापला असेल तर स्पर्श वाईट आहे. पुन्हां घांसून लावावा.

आपल्या गांवचा वेल्डर कुशल असतो, कष्टाळू असतो. परंतु हंगामांत त्याच्या दारीं दहा अवजारें उभीं असतात, आणि प्रत्येक मालक घाई करीत असतो. त्यास दोन मिनिटें अधिक देणें, व जागा घांसून देण्यास आपला गडी लावणें, हें मालकाचें काम आहे. आमच्या मळ्यावर त्या वर्षापासून असा शिरस्ता पडला आहे कीं, वेल्डर येण्यापूर्वींच अवजार धुवून, सोडवून, ओंडक्यांवर ठेवून व एक जागा घांसून तयार असतें. तो आला म्हणजे हंसून म्हणतो, "तुमच्याकडे काम लौकर होतें." पैसेहि तो आम्हांकडून दुसऱ्यापेक्षां कमी घेतो.

संघाच्या अवजारघरांत एक स्क्रूचा व एक चुंबकी असे दोन क्लॅम्प ठेवून सभासदांस उसने द्यावे, आणि वरील चार कलमें मोठ्या अक्षरांत लिहून तेथें भिंतीस लावावीं, अशी आमची सूचना आहे. ज्या वाचकांस या कामांत निराळा अनुभव आला असेल, विशेषतः काहिलींच्या व ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या दुरुस्तींत, त्यांनीं तो अवश्य लिहून पाठवावा. गळिताचा हंगाम उभा राहण्यापूर्वीं तो सर्वांच्या उपयोगीं पडेल.